उजव्या पायाचा गिअर

परभणीत बुलेट घ्यायची म्हटलं की माणूस एकटा राहत नाही. चहाच्या टपरीवर सहज तोंडातून निघून जावं, "बघतोय एखादी," की पलीकडच्या बाकावरचा अनोळखी गृहस्थ कपबशी खाली ठेवून आपल्याकडे वळतो आणि विचारतो, "जुनी का नवी?" किंमत, हप्ता, रंग हे सगळं मागाहून. आधी या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं आणि त्या उत्तरावरून तुमची परीक्षा तिथल्या तिथे उरकते. जुनी म्हणालात तर तुम्ही दर्दी, पण संसाराला कच्चे. नवी म्हणालात तर व्यवहाराला पक्के, पण बुलेटमधलं तुम्हाला काही कळत नाही. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणणाऱ्या गावात मधला मार्ग सुचवणारा कुणी भेटेल, ही अपेक्षाच करू नये.

पन्नाशी ओलांडल्यावर हा प्रश्न मला खरोखरच पडला. एका बाजूला सेलूकडची एक बुलेट होती. नव्वदच्या दशकातली, लोखंडी इंजिनाची, उजव्या पायात गिअर, एमएच-22 चा जुना नंबर, टाकीवर हातानं ओढलेल्या सोनेरी रेषा. दुसऱ्या बाजूला शोरूममधली मिटिऑर 350. बसकी सीट, पाय पुढे सोडून ऐसपैस बसायची सोय, बटण दाबलं की चालू. नावं दोन असली तरी घराणं एकच, रॉयल एनफिल्ड. किमतीतला फरक एवढाही नव्हता की पैशानंच निकाल लावावा, कारण जुन्या बुलेटचे भाव अलीकडे असे चढलेत की भंगारात काढायची गाडीसुद्धा मालक पोटच्या पोरीचं स्थळ बघावं तशी गिऱ्हाईक पारखून देतो.

आमच्या जिल्ह्यात मोटारसायकल आणि बुलेट या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. मोटारसायकल कामाची. दूध घालायला, खताचं पोतं आणायला, पोराला शाळेत सोडायला. बुलेट 'आले' हे कळवायची. फौजदार, डॉक्टर, गोदाकाठचा बागायतदार, एखादा जिल्हा परिषदेचा सदस्य, अशा मोजक्या माणसांकडे ती असायची आणि माणूस दिसण्याआधी त्याचा आवाज वेशीत शिरायचा. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला वेगळा झाला. त्याआधी वसमत-कळमनुरीकडच्या बुलेटींनाही आमचाच एमएच-22 लागायचा. म्हणून अजूनही तिकडच्या एखाद्या वाड्यासमोर परभणीचा नंबर लावलेली जुनी गाडी उभी दिसते. मधल्या काळात डिझेल बुलेटही निघाली होती, 325 सीसीची. पाण्याच्या इंजिनासाठी घरात डिझेलचा कॅन असायचाच, त्यातलंच थोडं गाडीत घालता यायचं. ताकद बेताची, पण ॲव्हरेज असं की पेट्रोलवाल्यांनी मान खाली घालावी.

या गाडीचा इतिहास गमतीचा आहे. बुलेट हे नाव इंग्लंडात 1932 साली पुढे आलं. आपल्या सैन्याला सरहद्दीवर गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती, तिच्यासाठी ही निवडली गेली आणि 1955 साली मद्रासेत एनफिल्ड इंडिया उभी राहिली. तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात आधी सुटे भाग जोडले जात, पुढे सगळंच तिथं घडू लागलं. 1970 साली इंग्लंडातली मूळ कंपनी बंद पडली. मद्रासची मात्र चालूच राहिली. म्हणजे जन्मगावी जी संपली ती आपल्याकडे, जवळजवळ त्याच रूपात, आणखी चाळीस वर्षं रस्त्यावर धावली. 1994 साली कंपनी आयशरकडे गेली, त्यानंतरच खऱ्या अर्थानं पिढ्या बदलू लागल्या. आधी ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीच्या मदतीनं ॲल्युमिनियमचं इंजिन आलं. 2002 साली थंडरबर्ड आली आणि लांब पल्ल्याला आरामात बसून जायची, क्रूझर म्हणतात ती बैठक आपल्याकडच्या लोकांना कळली. 2008-10 च्या सुमारास इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत बसवलेलं यूसीई आलं आणि लोखंडी इंजिन थांबलं. नोव्हेंबर 2020 मध्ये मिटिऑर आली, तिच्याबरोबर आजचं जे-सिरीज इंजिन. 2021 मध्ये क्लासिकला आणि 2023 मध्ये खुद्द बुलेटलाही तेच बसलं.

आता टपरीवरचा वाद ऐकला तर वाटावं, या पिढ्यांमध्ये ताकदीचं जमीन-अस्मानाचं अंतर असेल. तसं काही नाही. लोखंडी इंजिन 346 सीसीचं, साधारण 18 अश्वशक्तीचं. यूसीईसुद्धा 346 सीसीचंच, सिलिंडरचा व्यास 70 आणि पिस्टनची धाव 90 मिलिमीटर, अगदी पूर्वीइतकीच, ताकद 19.8. जे-सिरीज 349 सीसीचं, ताकद 20.2. म्हणजे नेहरूंच्या काळापासून आजपर्यंत अश्वशक्ती वाढली ती जेमतेम दोनांनी. लोक ज्याला ताकद म्हणतात ती ही नव्हेच. कमी फेऱ्यांत मिळणारा जोर, जड फ्लायव्हील, लांब धाव घेणारा पिस्टन, चौथ्या गिअरमध्ये चढ असला तरी न कुरकुरता ओढत नेणं, ती ताकद दोघींतही आहे. खरी ताकदच हवी असेल तर त्याच घराण्यातली सुपर मिटिऑर 650 आहे, दोन सिलिंडरची, 47 अश्वशक्तीची. पण 241 किलोचं ते धूड आमच्या बाजारगल्लीत वळवायचं कसं, हा एक प्रश्न. आणि सप्टेंबर 2025 पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांवर 40 टक्के बसला, हा दुसरा. साडेतीनशेच्या रेषेखाली एका सीसीनं राहिलेलं ते 349 त्या दिवशी अनेकांना फार शहाणं वाटलं.

मग दोघींत फरक आहे कशात? तो मला जुन्या बुलेटचे मिस्त्री असलेल्या उस्तादांच्या गॅरेजात कळला.

उस्तादांचं गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक लिंबाचं झाड आणि ऑइल पिऊन काळी झालेली जमीन. सेलूची ती गाडी तिथंच उभी होती. ती चालू करणं हा एक विधी आहे आणि तो त्यांनी मला सावकाश करून दाखवला. पेट्रोलचा कॉक उघडला. चावी फिरवली. हेडलाइटच्या टोपणावर दोन छोटे दिवे आणि मधे अँपिअरचा काटा असतो, त्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इसको देखते रहो सर, पैर को मत देखो." किक हळूहळू दाबत नेली तसा डावीकडे कललेला काटा हलला आणि मध्यावर येऊन थांबला. तिथं हँडलजवळची डीकॉम्प्रेशनची छोटी तार ओढली, किक आणखी बोटभर खाली सरकवली, तार सोडली, किक परत वर घेतली आणि मग शरीराचं सगळं वजन टाकून एकच लाथ मारली. इंजिन जागं झालं. काटा न बघता घाईनं लाथ घालणाऱ्याला ही गाडी उलटी किक मारते आणि ती ज्यानं एकदा खाल्ली तो पुढे आयुष्यभर काट्याकडे बघतो.

थोड्या वेळानं त्यांनी गाडी बंद केली, ती निवल्यावर बाजूचं टॅपेटचं झाकण उघडलं. दोन पाने लावून नट सैल केला आणि आतली उभी सळई अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून गोल फिरवली. सळई सहज फिरली पाहिजे, पण वरखाली खुळखुळता कामा नये. यापलीकडे माप नाही. त्यांच्या हाताखाली मी फिरवून बघितली तेव्हा मला दोन्ही वेळा सारखंच वाटलं. त्यांना मात्र केसाएवढा फरक कळला आणि तो त्यांनी काढला. ही विद्या कागदावर नाही, ती बोटांत आहे.

शोरूमची मिटिऑर चालवून बघायला मी पोखर्णीमार्गे गंगाखेडला गेलो. पोखर्णीच्या नरसिंहाला हात जोडले, जनाबाईच्या गावी गोदावरीच्या पुलावर थांबलो आणि परत आलो. सांगण्यासारखं काही घडलं नाही, हेच तिच्याबद्दल सांगण्यासारखं आहे. कंबर दुखली नाही. आरशात मागचा ट्रक ट्रकसारखा दिसला. जुन्या बुलेटच्या आरशात तो थरथरत्या ढगासारखा दिसतो. दैठण्याच्या अलीकडे एक म्हैस आडवी आली तेव्हा पुढचा-मागचा डिस्क ब्रेक आणि एबीएस यांनी आपापलं काम केलं. तिथं मी जुन्या गाडीवर असतो तर पुढचा ड्रम दाबत, डाव्या पायानं मागचा ब्रेक शोधत, म्हशीच्या समजूतदारपणावर विसंबलो असतो. उजव्या पायाची गोष्ट वेगळीच. आयुष्यभर ज्या पायानं ब्रेक दाबला त्याच पायाखाली जुन्या बुलेटचा गिअर असतो आणि त्यातही पहिला वर, बाकीचे तीन खाली. घाबरलेला माणूस विचार करत नाही, सवयीचा पाय दाबतो. इथं ब्रेक म्हणून दाबलेला पाय गिअर टाकून मोकळा होतो.

तरीही लोक म्हणतात, नवीला आत्मा नाही. हा आत्मा नेमका कुठं असतो याचा मी बराच विचार केला. जुन्या इंजिनात एकच मोठा पिस्टन वरखाली आपटत असतो आणि त्याचा तोल सांभाळायला काही नसतं. नव्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट बसवून तो हादरा काढून टाकला आहे. म्हणजे आपण ज्याला आत्मा म्हणतो तो बहुतेक हादराच आहे, ज्यानं नंबरप्लेटचे नट गळायचे, दिव्याची वायर तुटायची आणि जिंतूरहून बोरी-झरीमार्गे परभणीला आल्यावर हाताला मुंग्या यायच्या. आठवणीत त्या मुंग्या गोड होतात, एरवी त्या मुंग्याच. आमची तरुण पोरं नव्या गाडीची मूळ नळी काढून फटाके फोडणारे सायलेन्सर बसवतात, तीही याच आत्म्याच्या शोधात. त्या शोधाचा शेवट महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत पोलिसांच्या रोडरोलरखाली झालेला आपण वर्तमानपत्रांतून बघतो. जुन्या बुलेटचा आवाज मोठा नव्हता, तो सावकाश होता. दोन ठोक्यांमधल्या मोकळ्या जागेला वजन होतं. ती जागा सायलेन्सर बदलून येत नाही.

मला वाटतं, फरक आत्म्याचा नाही. गाडीचं ज्ञान कुणाजवळ राहतं याचा आहे. लोखंडी बुलेटचं निम्मं ज्ञान मालकाला ठेवावंच लागायचं. पॉइंट कधी घासायचे, प्लग काळा पडला तर कार्बोरेटरचा स्क्रू किती फिरवायचा, गळणारं ऑइल रोजचं की आजचं, हे कळल्याशिवाय गावाबाहेर पडायची सोय नव्हती. उरलेलं निम्मं उस्तादांजवळ. यूसीईत हायड्रॉलिक टॅपेट आले, सळई बोटांनी फिरवायचं काम गेलं. पुढे 2020 साली बीएस-6 आलं, कार्बोरेटर गेला, पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवू लागला. जे-सिरीजला तर किकच नाही. आता मालकानं फक्त चावी फिरवायची आणि पिवळा दिवा पेटला तर फोन करायचा. ज्ञान कंपनीच्या लॅपटॉपात गेलं. जुनी बुलेट वाटेत वारंवार रुसायची, पण कुठल्याही फाट्यावरचा मिस्त्री तिला उठवून चालती करायचा. नवी सहसा रुसत नाही. पण बॅटरी बसली किंवा एखादा सेन्सर गेला, की मिस्त्री नुसता कौतुकानं बघतो आणि गाडी छोट्या हत्तीवर चढवून शहर गाठावं लागतं. दोन्हीकडे परावलंबन आहेच, एक रोजचं आणि थोडं, दुसरं क्वचित आणि पुरतं. यातलं आपल्याला कुठलं सोसेल, हे ज्याचं त्यानं बघायचं.

शेतकरी हा हिशोब बरोबर करतो. घरच्या भाकरीसाठी एका वावरात मालदांडी आणि उताऱ्यासाठी दुसऱ्यात आमच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती पेरताना तो जुनं चांगलं की नवं, असा वाद घालत बसत नाही. जमीन आणि ओल बघतो. बुलेटच्या बाबतीतही जमीन बघावी. आमची माती काळी. आषाढात पांदणीला गाडी घातली की चिखल मडगार्डात गच्च बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. तिथं 190 किलोची नवी आणि तिच्याहून थोडी हलकी जुनी, दोघीही सारख्याच निरुपयोगी. शेतात जायला शंभर सीसीची हलकी गाडीच बरी. बुलेट डांबरी रस्त्याची. पाथरी-मानवत-परभणी-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग 61 आता रुंद झाला, वाहनांचा वेग वाढला, आणि वेगवान रस्त्यावर अंगावर येणाऱ्या गाड्यांपुढे जुने ड्रम ब्रेक तोकडे पडतात. रस्ता खराब होता तेव्हा जुनी बुलेट त्याच्या मानानं पुरेशी होती, हे जितकं खरं तितकंच हेही.

आणखी एक गोष्ट सेलूच्या गाडीच्या विरोधात जात होती. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं आणि ते आमच्याच भागातल्या उसातूनही येतं, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची? इथेनॉल पाणी ओढून घेतं. जुन्या कार्बोरेटरच्या रबरी वॉशरांना आणि नळ्यांना ते मानवत नाही. गाडी पंधरा दिवस उभी राहिली की टाकीत गंज धरायची भीती. त्यात पंधरा वर्षांवरच्या गाडीला आरटीओत दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग, पर्यावरण कर आणि तिथला हेलपाटा. दर्दी माणूस हे सगळं आनंदानं करतो. मी आनंदानं करेन का, याची मला खात्री वाटेना. घरातूनही विचारणा झाली, "अहो, गाडी चालवायला घेताय का दुरुस्त करायला?" प्रश्न टोचणारा होता, पण मुद्द्याचा होता.

निकाल शेवटी उस्तादांनीच दिला. मला वाटलं होतं, ते जुनीच घ्या म्हणतील. त्यांचं पोट जुन्या गाड्यांवर आहे, हयात त्यांत गेली आहे. हात पुसत ते म्हणाले, "सर, गाडी में खोट नहीं है. मैं हूँ तब तक चलेगी. मेरे बाद इसकू कौन खोलेंगा?" मुलाला त्यांनी मोबाईलचं दुकान टाकून दिलंय. हाताखाली शिकणारी पोरं येतात, सहा महिने पंक्चर आणि ऑइल बदलणं शिकतात आणि शोरूमच्या वर्कशॉपात पगारावर लागतात. टॅपेटची सळई बोटांत धरून बसायला कुणाला वेळ नाही, आणि असं बसून पोट भरेल याची हमीही कुणी देत नाही. जुनी गाडी घेणं म्हणजे एका कारागिराची उरलेली वर्षं गृहीत धरणं, हे इतक्या उघडपणे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. इंजिनाचे भाग आजही मिळतात, पिस्टन-रिंगपासून क्लचप्लेटपर्यंत सगळं. मिळायची बंद होतायत ती बोटं.

मी मिटिऑर घेतली. माझे गुडघे, माझं वय आणि माझा रस्ता यांचा विचार करता ते बरोबरच होतं. सेलूची गाडी मानवतच्या एका पंचविशीतल्या मुलानं नेली. हल्ली हे चित्र बरंच दिसतं. ज्यांनी जवानीत जुन्या बुलेटला लाथा मारल्या ते बटणाची गाडी घेतात आणि ज्यांनी जन्मात कधी किक मारली नाही ती पोरं लोखंडी इंजिन शोधत हिंडतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. जुन्या यंत्रासाठी लागणारा वेळ, गुडघे आणि चुका करायची मुभा हे तिन्ही त्यांच्याचजवळ आहे. तो मुलगा दर रविवारी उस्तादांकडे येऊन बसतो, हे मात्र मला फार बरं वाटलं.

म्हणून कुणी विचारलंच, "जुनी का नवी?" तर माझं उत्तर आता तयार असतं. रोज तीस-चाळीस किलोमीटर जायचं असेल, मागं बायको-मूल बसणार असेल, तर मुकाट्यानं नवी घ्या, सर्व्हिसच्या तारखा पाळा आणि तिच्या सायलेन्सरला हात लावू नका. जुनी घ्यायची हौस असेल तर गाडी बघायला जाण्याआधी मिस्त्री बघा. तो किती वर्षांचा आहे, त्याच्या हाताखाली कुणी शिकतंय का, हे विचारा. कुणी शिकत नसेल तर तुम्ही शिका. ती तयारी नसेल तर जुन्या बुलेटच्या वाटेला जाऊ नका.